तिचं उत्तर तिच्याच तोंडून



आपल्यातले बरेच गट आता मोबाइलवर गप्पा रेकॉर्ड करायला लागले आहेत. कुणी त्याला पॉडकास्ट म्हणतं, कुणी नुसतं रेकॉर्डिंग. बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या की फोन मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून ऐकायचं. आज मी दोन पाहुण्यांशी कसं बोलावं ते सांगणार आहे. एक म्हणजे जत्रेला फडाबरोबर येणारी कलावंत बाई, आणि दुसरी ग्रामपंचायतीला उभी राहिलेली बाई.

तुम्ही म्हणाल, या दोघींची मोट कशी काय बांधली? अहो, दोघींकडे सारं गाव बघतं, दोघींबद्दल सारं गाव बोलतं, आणि त्यांना काही विचारायला जावं तर उत्तर दुसराच देतो. फडात मॅनेजर पुढे येतो. उमेदवाराच्या घरी नवरा, दीर, नाहीतर कॉलेजात जाणारा मुलगा.

आधी फडाचं बोलू. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, कळा आल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा लोकांसमोर आल्या, असं सांगतात. आपण ऐकतो आणि म्हणतो, काय बाई होती! म्हणावंच. पण आपल्यातल्या बहुतेकींनी बाळंतपण सोसलेलं आहे, मग पुढचे प्रश्न आपल्याला का सुचत नाहीत? खेळ थांबला असता तर सुपारीचे पैसे परत द्यावे लागले असते का? बाळाला कोणी घेतलं? दुसऱ्या दिवशी पुढच्या गावचा खेळ ठरलेला होता का? राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या बाईची शेवटची वर्षं हलाखीत गेली, आणि 2002 साली त्या वारल्या. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार चांगलाच आहे, पण माझे प्रश्न तिथेच राहतात.

म्हणून फडातल्या बाईला ‘तुम्हाला लावणीची आवड कशी लागली’ हे पहिलं विचारू नका. त्याचं उत्तर तिने शंभर वेळा दिलेलं असतं. उचलीबद्दल विचारा. फड बंद असतो त्या पावसाळ्यात मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर नाचून, गाऊन ती फेडायची, हे आपल्याकडच्या ऊसतोडीच्या कुटुंबांना वेगळं सांगायला नको. कोयत्याची उचल आणि चाळाची उचल, दोन्हींचा हिशोब कोणाच्या वहीत असतो, ते विचारा. मुलं कोणाजवळ ठेवली, शाळेचं काय, पाळीच्या दिवसांत नाचावं लागतं तेव्हा काय करता, राहुटीच्या मागे आडोसा असतो का, हेही विचारा. आपल्याच गावाने त्यांना मोरी आणि पाणी दिलं होतं का, हे मात्र जरा धीर करून विचारा. उत्तर आपल्याला लागेल असं येऊ शकतं.

वेळ पाहून जा. फड रात्रभर खेळ करतो आणि गाडीतून पुढच्या गावी पोचतो, त्यामुळे सकाळी ती माणसं झोपलेली असतात. दुपारी चारच्या सुमाराला, वेणीफणी चाललेली असताना बरं पडतं. हलगी-ढोलकी तापवायला घेतली की पुढचं काही ऐकू येत नाही. आणि ती ‘हे नका हो वाजवू’ म्हणाली, तर तेवढं तिच्यासमोरच पुसून टाका. तिला उद्या त्याच मालकाकडे काम करायचं आहे.

आता उमेदवार. बाईने पंचायतीत बसावं ही काही परवाची गोष्ट नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने 1986 साली चांदवडच्या अधिवेशनानंतर बायकांनी निवडणुका लढवाव्यात असा आग्रह धरला होता, आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये तर पुढे सगळ्या बायकांचीच पंचायत आली. तेव्हा 73वी घटनादुरुस्ती व्हायची होती. ती 1993 साली लागू झाली, तेहतीस टक्के जागा आल्या, आणि 2011 पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. खुर्ची मिळाली. बोलायची पाळी आली की मात्र ‘सरपंचपती’ घसा खाकरतात.

त्याला उठवून लावू नका, भांडण होतं आणि रेकॉर्डिंग राहतं बाजूला. त्याला चहा द्या, आणि प्रश्न असे विचारा की ज्यांचं उत्तर तिच्याचजवळ असेल. तुमच्या वस्तीवर पाणी किती दिवसांनी येतं? अंगणवाडीत शेवटचं कधी गेलात? ग्रामसेवकाने दप्तर दाखवलं नाही तर काय कराल? गावसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हा कायदा आहे. मग ती कोणत्या वेळी घ्याल, की जेव्हा आपल्या बायका रानातून परत आलेल्या असतात? आणि बाई आधी सरपंच राहिलेली असेल तर एक नक्की विचारा: वित्त आयोगाच्या पैशाला सरपंचाची डिजिटल सही लागते, ते डोंगल कोणाजवळ असायचं? या एका प्रश्नावर मी खोलीतला आवाज बसलेला ऐकला आहे.

ती अडखळेल. अडखळू द्या. आपण चटकन वाक्य पुरं करून देतो ना, ती सवय इथे नको. मनात दहा आकडे मोजा. तेवढ्यात नवऱ्याने तोंड उघडलं तर म्हणा, ‘भाऊजी, तुमचं पण रेकॉर्ड करू, नंतर.’

एक पथ्य पाळायचं. जेवढ्या उमेदवार असतील तेवढ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने आणि तेवढाच वेळ. एकीचंच ऐकवलं तर तो प्रचार झाला. जाऊबाई उभी असली तरी नियम तोच. आणि हेही सांगून ठेवते की सामुदायिक रेडिओला राजकीय कार्यक्रम लावायची परवानगी नसते. म्हणून उमेदवारांच्या मुलाखती आमच्याकडे पाठवू नका, त्या आम्हाला लावता येणार नाहीत. फडातल्या बाईंच्या गप्पा मात्र जरूर पाठवा, त्यांची परवानगी घेऊन.

उमेदवारांच्या गप्पा गटातच ऐका. निकाल लागला म्हणून पुसू नका. सुरुवातीला गाव, तारीख आणि कोण बोलतंय हे मोठ्याने बोला, म्हणजे पुढे घोळ होत नाही. जी निवडून येईल तिचं बोलणं वर्षाने महिला सभेत लावा, ती समोर बसलेली असताना. पाण्याचं काय म्हणाली होती, तिथून सुरुवात करा. जागा कमी पडते म्हणून मुलं फोनमधलं काहीही उडवतात, तेव्हा आणखी एका मैत्रिणीच्या फोनवर एक प्रत ठेवलेली बरी.

येते आता. नमस्कार.