पुतळा कुणाच्या पैशाने?



गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या तालुक्याच्या गावी गेलो होतो. एस. टी. स्टँडवर उतरून पाहतो तो चौकात खोदकाम चाललेले. नगरपालिका तिथे एका लोकप्रिय पुरुषाचा पुतळा बसवणार, असे कळले. तेवढ्यात माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी भेटले. म्हणाले, "काय रे, प्राध्यापक झालास ना? मग सांग, हे बरं की वाईट?"

मी म्हणालो, "गुरुजी, थोरांची आठवण राहावी, त्यात वावगं काय?"

"आठवण राहावीच. पण वाचनालयाचं छप्पर तीन पावसाळे गळतंय. पोरं पुस्तकांवर मेणकापड घालतात. पैसा एकच आहे. आता बोल."

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

हा प्रश्न काही आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे, म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. ठरावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. भाजी मंडईच्या भव्य इमारतीवर होणाऱ्या खर्चाबद्दलही त्यांचे म्हणणे हेच होते. ती मंडई १८८६ साली रे मार्केट या नावाने उघडली, आणि पुढे तिला नाव मिळाले ते महात्मा फुल्यांचेच! तिच्यालगत लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

आता कुणी म्हणेल, जोतीरावांचा दाखला देऊन तुम्ही सगळेच पुतळे मोडीत काढता की काय? नाही. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना मांडली, तेव्हा तिला कडाडून विरोध झाला. तो वाद काही दगडाचा नि धातूचा नव्हता. शहराच्या मानाच्या जागी कुणाला उभे राहू द्यायचे, हा खरा प्रश्न होता. खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांमधून बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे दिसतात, हातात पुस्तक आणि बोट वर केलेले. त्यांतले कितीतरी मजुरी करणाऱ्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन, वर्गणी काढून उभारलेले आहेत. ज्यांना एके काळी सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हते, त्यांना तो पुतळा म्हणजे चैन वाटत नाही. त्याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग निवाडा कसा करायचा? माझ्या मते इथे लोकप्रियता हीच कसोटी उपयोगी पडते. ज्याच्यावर लाखो लोकांचे प्रेम आहे, त्याच्यासाठी लाखो हात खिशात जाऊ शकतात. मुंबईच्या वानखेडे मैदानात १ नोव्हेंबर २०२३ रोजी सचिन तेंडुलकरांचा पुतळा उभा राहिला. अहिल्यानगरचे शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी तो घडवला आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने तो आपल्या मैदानात बसवला. उत्तम झाले! खेळाडूचा मान खेळाच्या संस्थेने केला.

नगरपालिकेची तिजोरी मात्र वेगळी. तिच्यात बंगलेवाल्याची घरपट्टी असते, तशी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याचीही असते. त्याला कुणी विचारलेले नसते, बाबा रे, तुला हा पुतळा हवा का? म्हणून जिथे वर्गणी सहज जमेल, तिथे तिजोरीला हात लावू नये. तो पैसा शाळेचा, पाण्याचा, दवाखान्याचा. त्यातूनही स्मारकासाठी चार पैसे काढायचेच, तर ज्याच्यामागे आज गर्दी नाही पण ज्याचे ऋण मोठे आहे, अशा माणसासाठी काढावेत.

आणखी एक गोष्ट. पुतळा उभारला म्हणजे काम संपले असे होत नाही. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींचा पस्तीस फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला; नऊ महिनेही झाले नव्हते. २०२५ साली तिथे नवा पुतळा उभारावा लागला. सरकारी पैशाची घाई ही अशी महाग पडते, आणि ज्यांचा मान करायचा त्यांचीच अप्रतिष्ठा होते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. तुमच्या ग्रामसभेत, नगरपालिकेत पुतळ्याचा विषय निघाला, तर उठून तीन प्रश्न विचारा. पैसा वर्गणीतून उभा राहतो का? उद्या तो धुणार, राखणार कोण? आणि त्याच पैशात गावाचे कोणते काम अडून राहणार आहे? विचारताना आवाज चढवू नका. पुतळा मागणाराही प्रेमापोटीच मागत असतो.

गुरुजींना मी हे सगळे पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले: "विचार पटला. वाचनालयासाठी वर्गणीचं पुस्तक छापून आणलंय. पहिली पावती तुझ्या नावाची फाडली आहे. मनिऑर्डर पाठव."

मी पाठवली आहे.