किल्ल्याचे आठ चौकोन

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे हिशेब पाळीन. सुरुवात एका कबुलीने करतो.

आवारात पेव्हर ब्लॉक बसले, त्या वर्षी 'माती टाकून किल्ला करू नये' अशी नोटीस लागली होती. खाली खजिनदार म्हणून सही माझी होती. कारण खोटं नव्हतं, मातीने गटार तुंबलं होतं. पण पुढच्या दिवाळ्या किल्ल्याविना गेल्या. मग एकदा बी विंगमधल्या एका मुलाने जिन्यात विचारलं, "आजोबा, दिवाळीत किल्ला करतात म्हणजे काय करतात?" मला माझी सही आठवली.

माती नको, तर काय? माझा नातू टेबलावर लढायांचा खेळ खेळतो. त्यात डोंगर-नद्यांचे सुटे चौकोन जोडून रणभूमी मांडतात. ही कल्पना जुनी आहे. १८१२ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी राजाला असंच सुट्या चौकोनांचं युद्धखेळाचं टेबल करून दिलं होतं. म्हटलं, आपला किल्ला असा का करू नये?

आठ बाय चार फुटांच्या १२ मिलिमीटर प्लायमधून दोन बाय दोनचे बरोबर आठ चौकोन निघतात. करवतीत थोडी रुंदी जाते, म्हणून सगळे एकाच मापाने कापून घ्यायचे. खालून लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि रंग दोन्ही बाजूंनी द्यायचा, नाहीतर ओला लगदा लावला की प्लाय वाकतो. थर्माकोल वापरला नाही. २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदीच आहे. तुमच्या घरी आलेल्या पार्सलचे खोके, रद्दीचा लगदा आणि फेव्हिकॉल, एवढ्यावर डोंगर झाले. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती झाली, रंगवलेल्या लाकडी भुश्याचं गवत.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. प्रत्येकाने आपापला चौकोन घरी केला आणि जोडताना एकाची नदी दुसऱ्याच्या डोंगरात शिरली. ताळेबंद जुळेना! मग पुठ्ठ्याचा एक साचा कापला. नदी किंवा रस्ता काठावर येईल तो कडेच्या बरोबर मध्यावर, आणि काठाची उंची सगळीकडे सारखी. मधल्या भागात ज्याने त्याने हवं ते करावं. आता कुठलाही चौकोन कुठेही बसतो. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे केले, कारण उतारावर मातीचे मावळे घसरून पडत.

दोन चौकोनांवर किल्ला, सहांवर उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१ मध्ये खोपोलीजवळच्या या खिंडीत महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं होतं. मुलांनी नियम केले: खिंडीतल्या वाटेवर शेजारी शेजारी दोनच सैनिक मावतील, झाडीतले मावळे दिसणार नाहीत, बाकी फाशांवर. खानाकडे पाचपट सैनिक देऊनही तो हरला. तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, त्याचे मागचे सगळे नुसतेच उभे आहेत. लढतायत फक्त पुढचे दोघे." मी ही लढाई शाळेत शिकलो होतो, पण खिंड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता मागणं. हे आठ चौकोन सध्या माझ्या पलंगाखाली आहेत आणि आमच्या घरातून त्यावर हरकत आली आहे. (हशा) मीटर रूममध्ये किंवा जिन्यात ठेवायचे नाहीत. आगीच्या दृष्टीने ते बरोबर नाही. ऑफिसच्या माळ्यावर जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे आहेत. ऑडिट झालेले आणि मुदत संपलेले निकाली काढले, तर चौकोन उभे राहतील एवढी जागा होते. छाननी मी स्वतः करून देईन.

आणि ती जुनी नोटीस रद्द करू नका. तिच्याखाली एक ओळ वाढवा: 'किल्ल्याचे चौकोन ऑफिसात मिळतील.' सही करायला मी तयार आहे.