वर्गाची घडी



या व्यासपीठावरून गेले चार दिवस आपण मोठमोठे विषय ऐकलेत. त्यांच्यामागून चौथी-पाचवीच्या वर्गातला रोजचा व्यवहार हा विषय घेऊन उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो आहे. पण श्रोत्यांत बसून एक गोष्ट पाहिली, तिने धीर दिला. आपण बहुतेकजण रोज त्याच खुर्चीवर बसता. काल एका गृहस्थांची नेहमीची जागा दुसऱ्याने घेतली, तेव्हा पहिली दहा मिनिटे त्यांचे व्याख्यानाकडे लक्ष नव्हते. चालकांनी तसा काही नियम केलेला नाही. परंतु कुठे बसायचे हे एकदा ठरून गेले की मन त्यातून मोकळे होते आणि कान वक्त्याकडे लागतात. मी वर्गाची घडी म्हणतो ती हीच.

घडी म्हटले की पुष्कळांना हाताची घडी आठवते, तोंडावर बोट आठवते, आणि माझ्या वयाच्या मंडळींना त्यापुढचेही काही आठवते. ते मला अभिप्रेत नाही. मला अभिप्रेत आहेत त्या अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी. वह्या गोळा करायच्या त्या रांगेने पुढे सरकवायच्या की एकेकाने उठून आणून द्यायच्या? पेन्सिलीचे टोक मोडले तर काय करायचे? तहान लागली तर विचारायचे, की खूण करून जायचे? आणि ज्याचे गणित आधी सुटले त्याने बाकीच्यांचे होईपर्यंत काय करायचे? हा शेवटचा प्रश्न भल्याभल्या शिक्षकांनी ठरवलेला नसतो. वर्गातला निम्मा गोंधळ गणित न येणाऱ्यांचा नसतो, गणित लवकर सुटलेल्यांचा असतो, हे वर्गात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

थोडा हिशेब करू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. आता प्रत्येक तासाच्या आरंभी पाच मिनिटे "पुस्तक काढा, अरे तुझे कुठे आहे, तू मागे का वळलास" यात गेली, आणि दिवसाला सहा तास धरले, तर रोजचा अर्धा तास गेला. २०० दिवसांत १०० तास. म्हणजे कायद्याने दिलेल्या वेळेचा आठवा हिस्सा कोणी चोरल्यावाचूनच नाहीसा झाला. यात मुलाचा दोष नाही. त्याला काय करायचे ते कोणी शिकवलेलेच नव्हते, नुसते सांगितले होते.

सांगणे आणि शिकवणे यांतले अंतर गिजुभाई बधेकांनी फार गमतीने दाखवले आहे. १९३२ साली त्यांचे 'दिवास्वप्न' हे गुजराती पुस्तक निघाले. त्यात एक नवा शिक्षक मोठ्या उमेदीने चौथीचा वर्ग मागून घेतो. मॉन्टेसोरी पद्धतीतला शांततेचा खेळ तो पहिल्याच दिवशी खेळू पाहतो, आणि मुले त्या शांततेची पार चेष्टा करून टाकतात. गृहस्थाला वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो शहाणा होऊन येतो आणि गोष्ट सांगू लागतो. कथा काल्पनिक, पण भावनगरच्या बालमंदिरात वर्षानुवर्षे मुलांत वावरलेल्या माणसाने लिहिलेली. म्हणून ती फजिती खरी वाटते. शांतता हुकमाने येत नाही. मुलाला ऐकावेसे वाटेल असे काही वर्गात असले तर शांत कसे बसायचे हे शिकवता येते, एरवी नाही. म्हणून माझे मत असे की जूनमधले पहिले पंधरा दिवस धड्यांची घाई करूच नये. वह्या देणे-घेणे, गटात बसणे, दुसरा बोलत असताना थांबणे यांची चक्क तालीम करावी, नाटकाची करतात तशी. चुकली की रागावू नये, पुन्हा करावी. पालक विचारतात, "पंधरा दिवस झाले, वहीत काहीच कसे नाही?" त्यांना मी वरचा १०० तासांचा हिशेब सांगत असे.

ही घडी पाचवीला विशेष का लागते? चौथीपर्यंत बहुधा एकच बाई किंवा एकच गुरुजी दिवसभर असतात. मूल त्यांचा स्वभाव ओळखून वागते. पुष्कळ गावांतून आजही पाचवीला मूल हायस्कुलात जाते, आणि तिथे तासागणिक शिक्षक बदलतो. एकाला समास आखलेला हवा, दुसऱ्याला नको. एक उभे राहून उत्तर द्यायला लावतो, दुसरा उभे राहिले की रागावतो. दहा वर्षांच्या पोराने एका दिवसात सहा घरांच्या रीती सांभाळायच्या! घरात नव्याने आलेल्या सुनेला आपण निदान एकाच घरच्या रीती शिकवतो. एका वर्गाला शिकवणाऱ्या सर्वांनी जूनच्या आरंभी अर्धा तास एकत्र बसून चार गोष्टी सारख्या ठरवल्या तर मुलांचे निम्मे दडपण उतरेल. हे मी तीन शाळांतून सुचवले, एकीत झाले.

पण घडीच्या स्तुतीत मी इतका वेळ रमलो, त्याचे प्रायश्चित्त म्हणून आता तिचा दोषही सांगतो. तो माझ्याच वर्गातला आहे.

माझ्या वर्गाची घडी उत्तम असे. प्रार्थनेनंतर मुले फळ्यावरच्या दहा ओळी वहीत उतरवून काढीत, मी फिरून पाही, सही करी. एका मुलाची वही फार देखणी होती. अक्षर टपोरे, शिरोरेषा सरळ, खाडाखोड नाही. मी त्याला रोज "उत्तम" असा शेरा देत होतो. जून गेला, दिवाळी आली. एके दिवशी माझे पुस्तक घरी राहिले, म्हणून त्यालाच म्हटले, "कालचा उतारा तुझ्या वहीतून मोठ्याने वाच." तो उभा राहिला. वहीकडे पाहत राहिला. मला वाटले लाजतो आहे, म्हणून पुन्हा सांगितले. तेव्हा शेजारचा मुलगा अगदी सहज म्हणाला, "सर, त्याला वाचता येत नाही."

मंडळी, तो अक्षरांची चित्रे काढीत होता. साऱ्या वर्गाला हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एकट्या मला, आणि सही मात्र रोज माझी होती.

त्या दिवसापासून "पाठ झाला" हे शब्द मला टोचू लागले. आमच्या दप्तरात पाठ झाला असे लिहितात. कोणाचा झाला? शिक्षकाचा झाला की मुलाचा? २०१७ साली प्रत्येक इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती ठरवून प्रसिद्ध झाल्या आणि पाठ्यपुस्तकांतूनही त्या छापून येऊ लागल्या. शब्द जड आहे, आशय सोपा आहे: वर्षअखेर मुलाला काय करता यावे. कोणता धडा संपावा हे नव्हे. पण छापलेले उद्दिष्ट मुलाला कळावे कसे? मी पुढे फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक ओळ लिहू लागलो: "आज तास संपताना मला सव्वा किलोचे ग्रॅम सांगता येतील." घंटा होण्याआधी तीन मिनिटे कोणाही चौघांना विचारायचे. चौघांत दोघांना आले नाही तर उद्या तीच ओळ पुन्हा. यात अभ्यासक्रम मागे पडतो हे खरे आहे, आणि मुख्याध्यापकांची बोलणीही मी खाल्ली आहेत. पण माझ्या वहीवाल्या मुलासारखी मुले किती आहेत याची आपल्याला कल्पना आहे काय? 'असर'च्या २०२४ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ४८.८ टक्के भरली. उरलेली निम्म्याहून अधिक मुले रोज कुठल्या ना कुठल्या वर्गात बसून काहीतरी उतरवून घेतच असतात.

आता तिसरी गोष्ट, अपेक्षेची. हिच्यात केवळ शिक्षक नाही, आपण सारेच गुंतलो आहोत.

अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन या दोघांचे एक पुस्तक १९६८ साली निघाले आणि फार गाजले. त्यांनी एका शाळेतल्या शिक्षकांना सांगितले की, चाचणीवरून दिसते, तुमच्या वर्गातली ही ही मुले यंदा झपाट्याने पुढे जाणार. वास्तविक ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतली तशी मुले खरोखरच पुढे गेलेली आढळली. वरच्या इयत्तांत मात्र तसा फरक दिसला नाही. या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मला मात्र त्या वरच्या इयत्तांचाच विचार सुचतो. पाचवीपर्यंत मुलाची ख्याती झालेली असते. शिक्षकाचे मत आपण बदलू, पण मुलाने स्वतःविषयी करून घेतलेले मत कोण बदलणार? ते मत घरी आणि शाळेत मिळून तयार झालेले असते. मूल शेजारी उभे असताना "आमच्या बंड्याला गणित जमायचे नाही, आमच्या घराण्यातच नाही" असे पाहुण्यांना हसतहसत सांगणारे पालक मला दर आठवड्याला भेटत. मूलही हसत असे.

अपेक्षा बोलण्यातच असते असे नाही, ती थांबण्यात असते. मेरी बड रो या बाईंनी वर्गावर्गांतून शिक्षकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्यांना आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलतात. त्यातही हुशार समजलेल्या मुलासाठी शिक्षक अधिक वेळ थांबतो, कच्च्या समजलेल्यासाठी कमी. ज्याला वेळेची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला ती कमी! हे वाचल्यावर मी मनातल्या मनात "एक, दोन, तीन" मोजू लागलो. पहिल्या दिवशी ते तीन सेकंद फार जड गेले. आपणही घरी करून पाहा, चहाच्या वेळी.

उलट, अपेक्षा ठेवणे म्हणजे सर्वांना एकाच घड्याळात कोंबणे नव्हे. आपल्या ताराबाई मोडकांनी पाहिले की गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेच्या वेळी शाळेत येऊच शकत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. घडी मोडली नाही. मुलांच्या दिवसात जिथे जागा होती तिथे ती नेऊन बसवली.

माझ्या त्या मुलाचे पुढे काय झाले हे आपण विचाराल. दिवाळीनंतर सकाळच्या दहा ओळींतून त्याची सुटका केली. त्या वेळात तो पहिलीच्या वर्गात जाऊन बसू लागला. शिकायला म्हणून नव्हे, तसे म्हटले असते तर तो मेला असता. पहिलीच्या बाईंना चित्रांच्या पट्ट्या वाटायला मदतनीस हवा होता, असे आम्ही ठरवले. पट्टी वाटायची तर तीवरचा शब्द ओळखायला हवा. मार्चमध्ये तो दोन ओळी अडखळत वाची, आणि त्याचे अक्षर मात्र तोपर्यंत बिघडले होते. वहीवर मी "उत्तम" लिहिणे बंद केले होते. एकदा त्याने येऊन मला त्याचे कारण विचारले, आणि मला ते नीट सांगता आले नाही.

वेळ झाली आहे. चालकांनी दिव्याची खूण केली, ही या मालेची घडी, ती मला मोडता येणार नाही.