अख्खे पुस्तक, अख्खा चित्रपट



बिरबलनाथ महाराज आणि दादा हयात कलंदर यांच्या मंगरूळपिरात आपण मला अध्यक्षपदाचा मान दिलात, मी आपली ऋणी आहे. मराठीच्या अध्यापनाचा आढावा मी छापील प्रतीत दिला आहे. तो सवडीने वाचावा. मला जे बोलायचे आहे ते फार वर्षे मनात साचले आहे, तेच आज बोलते.

आपण विद्यापीठांत बायकांचे लेखन शिकवत नाही. त्या लेखनावरच्या टिपणांवर मुलांना पास करतो.

ताराबाई शिंदे आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्यावरून सगळ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले जात होते, तेव्हा १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर ते पुस्तक विसरले गेले, ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. आज ताराबाई प्रश्नपत्रिकेत आहेत, पाच गुणांची टीप म्हणून. पुस्तक लहानसे आहे, दोन बैठकांत वाचून होते. तरी एम.ए.च्या वर्गात ते कुणी वाचले आहे असे विचारले की माना खाली जातात. ताराबाई पुरुषांना समोर उभे करून घरातल्या बोलीत जाब विचारतात. तो संताप गाइडमध्ये कसा मावेल?

गीता साने तर आपल्या वाशीमच्या. जन्म १९०७ चा. 'हिरवळीखाली', 'वठलेला वृक्ष' या त्यांच्या कादंबऱ्या विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'नंतर काही वर्षांतच आल्या. या जिल्ह्यातल्या किती महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्या सापडतील? मी शोधत फिरले आहे. कपाटे उघडून पाहिली आहेत. तुम्हीही उघडून पाहा.

आता वादाकडे येते. स्त्रियांच्या लेखनाचा पेपर वेगळा असावा की नसावा, यावर आपल्या चर्चासत्रांत तासन्तास भांडण होते. माझा अनुभव सांगते. जोवर तो पेपर ऐच्छिक होता, तोवर मुलगे दुसरा पेपर घेत आणि मुली एकमेकींसमोर बसून एकमेकींचीच दुःखे वाचत. तीच पुस्तके आवश्यक पेपरात आली तेव्हा मागच्या बाकावरची मुले पहिल्यांदा बोलली. चिडून बोलली, पण बोलली. माझ्यापुरता हा वाद तिथेच मिटला.

दुसरा वाद, चित्रपट मराठी विभागात शिकवावा का. एका अभ्यासमंडळापुढे मी हा प्रस्ताव ठेवला तेव्हा 'करमणूक अभ्यासक्रमात नको' असे उत्तर मिळाले. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून १९८२ मध्ये 'उंबरठा' झाला. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वरून १९७७ मध्ये 'भूमिका' आला. शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' रेणुका शहाणे यांनी २००९ मध्ये पडद्यावर आणली. पहिल्या दोन पुस्तकांवर पुरुषांनी चित्रपट केले, तिसऱ्यावर एका स्त्रीने. बाईचे सांगणे पडद्यावर जाताना काय गळते, काय नव्याने येते, कुणाच्या नजरेने येते, हा मराठीचा अभ्यास नाही तर कशाचा?

दिग्दर्शिका सुमित्रा भावे चित्रपटाच्या शाळेत शिकल्या नव्हत्या. त्या समाजकार्याच्या अभ्यासक. झोपडपट्टीतल्या ज्या बायकांवर संशोधन केले, त्यांना तो अहवाल वाचता येणार नाही, हे त्यांना बोचले. त्यातून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट आला. पुढे सुनील सुकथनकरांच्या साथीने 'दोघी', 'वास्तुपुरुष', सुवर्णकमळ मिळवणारा 'कासव'. संशोधन, लेखन आणि चित्रपट या बाईंच्या हातात एकच काम होते. आपण त्याचे तीन विभाग केले आणि तिन्हींना कुलुपे लावली.

'दोघी' मी वर्गात दाखवला होता. खिडक्यांना चादरी लावल्या, प्रोजेक्टर मागून आणला. चित्रपट संपल्यावर सगळी मुले त्यातल्या आईवर तुटून पडली, पोटच्या पोरीला मुंबईला धाडले म्हणून. तेव्हा कधीच न बोलणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, त्या मायले कोनं काई इचारलं काय?" त्यानंतरचा तास तिचा होता. दुष्काळ, कर्ज, गावचे तोंड, मामाचा शब्द, सगळे तिने उलगडले. असे विवेचन मी कुठल्या प्रबंधात वाचलेले नाही. पुढच्या वर्षी ती कॉलेजात आली नाही. लग्न झाले, एवढेच कळले. तिने जे मांडले ते लिहून ठेवायला हवे होते, असे फार वाटते.

म्हणून काही कामे. जुन्या लेखिकांची दुर्मीळ पुस्तके शोधून त्यांच्या प्रती करायच्या, कुणी आणि कशा ते बसून ठरवू. मुलामुलींच्या हातात मोबाइल आहेत. आज्या-मावश्यांचे बोलणे, जात्यावरच्या ओव्या त्यांनी चित्रित कराव्यात आणि त्याला गुण मिळावेत. प्रश्नपत्रिकेतली पाच गुणांची टीप तेवढी काढून टाका, ही मागणी मी या व्यासपीठावरून लेखी देणार आहे. अख्खे पुस्तक वाचून घ्यायचे नसेल, अख्खा चित्रपट दाखवायचा नसेल, तर अभ्यासक्रमातून ताराबाईंचे नावही काढा. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी दुपारच्या सत्रात माझ्याशी जरूर भांडावे. मी थांबणार आहे.