वाळवंटांतील ऊन पाणी

श्रोतेहो, वाळवंट म्हटलें कीं मनापुढें तहानेचें चित्र उभें राहतें. जेथें गवताची काडी उगवत नाहीं आणि वाटसरू सावलीसाठीं तळमळतो, तेथें माणूस नाइलाजानें जाईल, हौसेनें जाणार नाहीं, अशीच कोणाचीही समजूत असावयाची. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत या समजुतीला धक्का देणारी एक चाल जगांत रूढ झाली आहे. पैसेवाले लोक विश्रांतीसाठीं मुद्दाम वाळवंटांत जातात. तेथें भारी विश्रामगृहांत उतरतात, ऊन पाण्याच्या कुंडांत डुंबतात, अंगाला मर्दन करून घेतात आणि ताजेतवाने होऊन आपापल्या शहरांस परततात. बेल्जममध्यें औषधी झऱ्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें स्पा नांवाचें एक गांव आहे. त्याच्यावरून अशा सर्वच स्थळांना 'स्पा' हें नांव पडलें आहे. या चालीचा उगम कसा झाला आणि तिची किंमत कोणीं चुकविली, हें समजून घ्यावयाचें असेल तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्नियांतील पाम स्प्रिंग्ज या गांवाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस सुमारें शंभर मैलांवर कोचेला नांवाचें खोरें आहे. त्याच्या पश्चिमेच्या टोकाला हें गांव वसलें आहे. गांवाची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम पांचशें फूट; पण त्याच्या पाठीशीं सॅन हासिंटो हा १०,८३४ फूट उंचीचा पर्वत भिंतीसारखा उभा आहे. समुद्रावरून येणारे ढग या भिंतीच्या पलीकडेच रिकामे होतात. त्यामुळें गांवाच्या वाट्याला वर्षाकाठीं पांच-सहा इंचच पाऊस येतो. उन्हाळ्यांत पारा ११० अंशांच्या वर चढतो. उलट हिवाळ्यांत हवा कोरडी, ऊन कोंवळें आणि आकाश निरभ्र असतें. डोंगराच्या घळींतून मात्र वितळलेल्या बर्फाचें पाणी झिरपतें आणि तेथें पंख्यासारख्या पानांच्या ताडांचीं दाट बनें आहेत. गांवाच्या नांवांतील 'पाम' तो हाच.

नांवाचा दुसरा भाग एका ऊन झऱ्यावरून आला आहे. पर्वताच्या पायथ्याशीं जमिनीला खोल भेगा आहेत. पाणी त्यांतून फार खालीं उतरतें, तेथील उष्णतेनें तापतें आणि वाळूंतून बुडबुडत पुन्हां वर येतें. त्याची उष्णता सुमारें १०५ अंश, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेहून थोडी अधिक. अंग शेकण्यास निसर्गानें जणूं मापूनच तापविलेलें हें पाणी! या झऱ्याकांठीं कावीया नांवाचे मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. स्नान, औषध आणि उपासना या तिन्ही गोष्टी ते त्या पाण्याशीं जोडीत. आपल्या भाषेंत ते झऱ्याला सेक-हे म्हणजे उकळतें पाणी म्हणत. स्पॅनिश लोक आले, त्यांनीं त्याला आग्वा कालिएन्ते म्हणजे ऊन पाणी म्हटलें. आणि पुढें त्या कावीया लोकांच्या शाखेलाच तें नांव चिकटलें.

इ. स. १८७६ मध्यें अध्यक्ष ग्रँट यांनीं या लोकांसाठीं कांहीं जमीन राखून ठेवली आणि पुढच्या वर्षीं तींत भर पडली. पण त्यापूर्वींच रेल्वे कंपनीला उत्तेजन म्हणून मार्गाच्या दोहों बाजूंस एक चौरस मैलाचे एकाआड एक चौकोन देण्यांत आले होते. सबब सोंगट्यांच्या पटासारखी वांटणी झाली : एक चौकोन कावीयांचा, शेजारचा रेल्वेचा. ऊन झरा ज्या चौदाव्या क्रमांकाच्या चौकोनांत होता तो कावीयांकडे राहिला. पुढील सर्व इतिहास या एका चौकोनाभोंवतीं फिरतो.

इ. स. १८८४ मध्यें मॅक्-कॅलम नांवाचे एक वकील सॅन फ्रान्सिस्को सोडून या उजाड जागीं राहावयास आले. येण्याचें कारण चैन नव्हतें. त्यांचा मुलगा क्षयानें आजारी होता आणि कोरड्या हवेनें तो बरा होईल अशी बापाला आशा होती. या बापानें मैलोगणती दगडी पाट बांधून नदीचें पाणी आणलें, फळबागा लावल्या. पुढें अतिवृष्टीनें पाट फुटला, मागाहून अवर्षणाचें एक दशक आलें आणि बागा करपल्या. मुलगाही वांचला नाहीं. १८९७ मध्यें मॅक्-कॅलम वारले, तेव्हां हातीं राहिलेली जमीन कवडीमोल झाली होती. तीच जमीन त्यांच्या मुलीनें हट्टानें जपली आणि १९२३ च्या सुमारास बापाच्या स्मरणार्थ तेथें 'ओअॅसिस' नांवाचें हॉटेल बांधलें. तिच्या बापाला धान्य आणि फळें पिकवून जें साधलें नाहीं, तें पाहुण्यांना उतरवून घेऊन मुलीला साधलें. वाळवंटाच्या नव्या अर्थशास्त्राचा हा पहिला धडा म्हणण्यास हरकत नाहीं.

अशा उतारशाळांची सुरुवातही रोग्यांपासूनच झाली. १८८६ मध्यें वेलवुड मरे यांनीं येथें पहिलें हॉटेल काढलें. १९०९ मध्यें नेली कॉफमन या बाईंनीं 'डेझर्ट इन' उघडलें, तें आरंभीं छातीच्या विकारानें पीडितांसाठीं होतें. परंतु चाणाक्ष बाईंच्या ध्यानांत आलें कीं, खोकणारा रोगी असला म्हणजे धडधाकट पाहुणा फिरकत नाहीं, आणि पैसा तर धडधाकटाजवळच असतो. हळूंहळूं रोगी बाहेर झाले आणि प्रवासी आंत आले. १९२७ च्या शेवटच्या रात्रीं 'एल् मिरादोर' हें मनोऱ्याचें भव्य हॉटेल सुरू झालें. त्याच्या पोहण्याच्या तलावाकांठीं हॉलिवूडचे नट-नटी दिसूं लागले. खुद्द आइन्स्टाइनही तेथें राहून गेले. आश्चर्य असें कीं, १९४२ मध्यें युद्धाच्या धामधुमींत हेंच हॉटेल अमेरिकन लष्करानें रुग्णालयासाठीं घेतलें. रोग्यांना घालवून देऊन जो धंदा भरभराटला, त्याच्या सर्वांत नामांकित वास्तूंत जखमी शिपाई खाटांवर पडले! झऱ्याचा जुना धर्म कांहीं काळ परत आला, एवढेंच.

आतां चौदाव्या चौकोनाकडे वळलें पाहिजे. गांव भोंवतालीं वाढत होतें, हॉटेलें उठत होतीं. पण मध्यभागींचा हा तुकडा उघडाबोडका होता. कारण असें कीं, मूळ रहिवाशांनीं जमीन दीर्घ मुदतीनें भाड्यानें देण्यास कायद्याची मनाई होती, आणि थोड्या वर्षांच्या मुदतीवर कोणी मोठी इमारत बांधीत नाहीं. मग तेथें राहावयास आले ते हॉटेलांचे नोकर : खोल्या झाडणाऱ्या बायका, धोबी, माळी, सुतार, आचारी. बहुतेक निग्रो, मेक्सिकन, फिलिपिनो आणि मूळ रहिवासी. गांवांत इतरत्र त्यांना घर मिळणें दुरापास्त होतें. फळ्या-पत्र्यांचीं कां होईनात, त्यांनीं येथें स्वतःचीं घरें उभारलीं, प्रार्थनामंदिरें बांधलीं, मुलें वाढविलीं. दुसऱ्यांच्या विश्रांतीसाठीं दिवसभर राबावें आणि रात्रीं ऊन झऱ्याच्या शेजारीं पाठ टेकावी, असा त्यांचा क्रम होता.

१९५० नंतरच्या वर्षांत कावीयांच्या पंचायतीवर सर्व सभासद स्त्रिया होत्या. व्हायोला ऑर्टनर या त्यांच्या प्रमुख. या स्त्रियांनीं वॉशिंग्टनपर्यंत खटपट केली आणि १९५९ मध्यें नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याची मुभा मिळविली. झऱ्यावर स्नानगृह बांधलें गेलें आणि १९६३ मध्यें त्याला जोडून 'स्पा हॉटेल' उभें राहिलें. मालकांच्या दृष्टीनें हा न्यायच होता; स्वतःच्या जमिनीचें चीज करण्याचा त्यांचा हक्क उशिरां कां होईना मान्य झाला. परंतु जमीन मौल्यवान होतांच दोन अनर्थ घडले. मूळ रहिवाशांना व्यवहार कळत नाहीं या सबबीवर न्यायालयानें त्यांच्यावर पालक नेमले होते. त्या पालकांपैकीं कित्येकांनीं मालकांच्या उत्पन्नांतून स्वतःची भर केली. चौकशी होऊन १९६८ मध्यें ती पद्धत बंद झाली. दुसरा अनर्थ भाडेकरूंवर कोसळला. शहराच्या कारभाऱ्यांनीं त्यांचीं घरें पाडविलीं आणि जाळविलीं. आग विझविणें हें ज्यांचें काम, त्या बंबखात्याचे लोकही या कामास लावले गेले. कित्येकांना धड सूचनाही मिळाली नाहीं. कामावरून परत यावें तों घराच्या जागीं राख! कॅलिफोर्नियाच्या सरकारी वकिलांच्या कचेरीनें १९६८ च्या अहवालांत शहराच्या या वर्तनाचा कडक शब्दांत निषेध केला. तथापि शहरानें जाहीर क्षमा मागावयास २०२१ साल उजाडलें आणि जुन्या रहिवाशांना व त्यांच्या वारसांना ५९ लक्ष डॉलर देण्याचा ठराव २०२४ मध्यें झाला. तोंवर अनेकांनीं या जगाचा निरोप घेतला होता.

१९६३ चें तें हॉटेल २०१४ मध्यें पाडण्यांत आलें. त्याच जागीं कावीयांनीं स्वतःचें नवें स्नानगृह बांधून २०२३ मध्यें खुलें केलें, आणि त्याला झऱ्याचें जुनें सेक-हे हेंच नांव दिलें. शेजारीं त्यांच्या इतिहासाचें संग्रहालय आहे. पाहुण्याला येथें झऱ्याच्या पाण्यानें भरलेलें स्वतंत्र टाकें मिळतें, वाफेच्या आणि मिठाच्या खोल्या आहेत, मर्दनाची व्यवस्था आहे. सुखसोयींत कोठें कमतरता नाहीं. फरक इतकाच कीं, आतां यजमान खरोखर घरचा आहे.

राहतां राहिला प्रश्न थंड पाण्याचा, आणि तोच सर्वांत बिकट आहे. ऊन झरा थोड्यांना पुरतो. पण हिरवळी, तलाव, कारंजीं आणि या खोऱ्यांतील शंभराहून अधिक गोल्फचीं मैदानें यांना लागणारें पाणी भूगर्भांतून उपसावें लागतें. उपसा भरमसाट झाल्यानें भूजल खालीं गेलें. १९७३ पासून कोलोरॅडो नदीचें पाणी आणून तें वाळूंत जिरविण्यांत येतें. परंतु ती नदीही आतां अनेक राज्यांच्या मागण्यांनीं थकली आहे. २०१३ मध्यें कावीयांनीं पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांवर दावा लावला. जमीन राखून दिली तेव्हांच तिच्याखालचें पाणीही राखून दिलें गेलें, असा निर्णय अपील न्यायालयानें २०१७ मध्यें दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. ज्या लोकांना आपला व्यवहार कळत नाहीं असें एके काळीं ठरविलें गेलें, त्यांनीं पाण्याच्या कायद्यांत साऱ्या देशाला नवा धडा घालून दिला.

श्रोतेहो, विश्रांति ही कांहीं निंद्य वस्तु नव्हे. दमलेल्या जिवाला ऊन पाणी, स्वच्छ हवा आणि शांतता यांची भूक असते, आणि ती भागविणाऱ्या स्थळांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मॅक्-कॅलमही आपल्या मुलासाठीं हेंच मागावयास आले होते. परंतु वाळवंटांतील प्रत्येक सुख दुसरीकडून आणावें लागतें : पाणी नदींतून, सावली माळ्याच्या श्रमांतून, शुभ्र पंचा धोबिणीच्या हातून. तो पंचा धुणारी बाई संध्याकाळीं कोणत्या छपराखालीं जाते, हें पाहुण्यानें एकदां तरी विचारावें. पाम स्प्रिंग्जमध्यें हा प्रश्न वेळेवर कोणीं विचारला असता, तर ५९ लक्ष डॉलर मोजूनही जीं परत आणतां येत नाहींत, तीं घरें आज उभीं असतीं.