भेटीला जायचं की राहायला?

आम्ही बचत गटाच्या बायका आज तुमच्याशी बोलायला बसलोय. कर्जाचे हप्ते, शेळ्या, पापड-मसाले यांवर आपण नेहमीच बोलतो. आज व्हिसावर बोलू. हसू नका. पूर्वी आपल्या भागात हा शब्द डॉक्टरांच्या नाहीतर कारखान्याच्या चेअरमनच्या घरात ऐकू यायचा. आता एसटीच्या पासावर कॉलेज केलेली, बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून शिकलेली आपलीच पोरं अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांच्या आया गटाच्या बैठकीला येतात, हप्ता भरतात आणि उठता उठता हळूच विचारतात, "काय गं, मुंबईची तारीख मिळायला एवढे दिवस लागतात का?"

लागतात. कोविडनंतर, २०२२ च्या अखेरीला, अमेरिकेचा व्हिसा पहिल्यांदाच मागणाऱ्यांना मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीसाठी दोन वर्षांहून पुढची तारीख दाखवत होते. लेकीला दिवस गेले म्हणून अर्ज करावा, आणि तारीख यावी तोवर नातू चालायला लागलेला असावा, असा तो हिशोब. आता एवढी वाट नाही, पण महिन्यांचा खेळ आहेच.

या वाट बघण्यात घरात काय होतं ते बाहेर कुणाला दिसत नाही. आमच्यातल्या एकीनं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं. का, तर मध्येच व्हिसा आला तर? दुसरीनं रब्बीला कांदा लावला नाही. तिसरीनं दुभती म्हैस जावेकडं नेऊन बांधली, आणि आता स्वतःच्या चहाला दूध विकत आणते. गटाचं कर्ज घ्यायचं नाही, पाहुण्याच्या लग्नाला कापड घ्यायचं नाही, सगळं "तिकडचं काय ते ठरू दे" यावर अडकलेलं. वर्षभर माणूस ना इथं, ना तिथं. आम्हाला हे पटत नाही. डोळ्याचं ऑपरेशन आधी करा. व्हिसासाठी डोळे थांबवून ठेवायला कुणी सांगितलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. वाट बघणाऱ्या आईला आम्ही पहिला प्रश्न हा विचारतो की, बाई, तू भेटीला चाललीस की कायमची राहायला? बऱ्याच जणी म्हणतात, "ते लेकाला ठाऊक." तिथंच घोळ आहे. कारण हे दोन वेगळे व्हिसा आहेत, आणि एकाला जे लागतं ते दुसऱ्याच्या अगदी उलट असतं.

अमेरिकेचं घेऊ, कारण आपल्याकडची जास्त पोरं तिथं आहेत. भेटीचा व्हिसा मागणारा माणूस तिकडंच राहायला चाललाय, असं त्यांचा कायदा आधीच धरून चालतो. तसं नाही, मी परत येणार आहे, हे आपण पटवून द्यायचं. म्हणून खिडकीपलीकडचा साहेब विचारतो की इथं कोण असतं, शेती कोण बघतं, किती दिवस राहणार. आपलं घर, रान, धाकट्याचा संसार, गटाचं काम हे सगळं तिथं आपल्या बाजूनं बोलतं. अर्जाची फी १८५ डॉलर. नकार आला तर ती परत मिळत नाही आणि वर दादही मागता येत नाही. नवा अर्ज मात्र करता येतो.

व्हिसा मिळाला तर बहुतेकांना दहा वर्षांचा मिळतो, आणि गावात पेढे वाटले जातात की "आता दहा वर्षं तिकडंच!" तसं नसतं. दहा वर्षं म्हणजे तेवढ्या काळात जाता-येता येईल. एका खेपेला किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि साधारण सहा महिने देतो. ती तारीख चुकवायची नाही. चुकवली तर पुढच्या खेपेचं दार आपणच लावून घेतो.

कायमचं राहायचं असेल तर वाट निराळी, आणि तिथं आईची रांग लेकाच्या रांगेच्या मागं लागते. हे नीट ऐका. आई-वडिलांना कायमचं बोलावण्याचा हक्क फक्त अमेरिकेच्या नागरिकाला आहे, तोही एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या. नोकरीच्या व्हिसावर असलेला मुलगा बोलावू शकत नाही. ग्रीन कार्ड मिळालेलाही बोलावू शकत नाही. आता नोकरीतून मिळणारी ग्रीन कार्डं सगळ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे १,४०,००० असतात, त्यातच बायका-मुलंही मोजतात, आणि एका देशाला त्यातला साधारण सात टक्केच वाटा. हे गणित १९९० च्या कायद्यातलं आहे. भारतातून मागणारे ढीगभर, म्हणून दहा-बारा वर्षं झाली तरी नंबर न लागलेली आपली पोरं तिथं आहेत. नंबर लागला की पुढं साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. मग आईचा अर्ज. तिथून पुढं आईसाठी वर्षाला अमुक इतकेच अशी मर्यादा नाही ही जमेची बाजू, तरी कागद फिरण्यात वर्षाहून जास्त सहज जातं.

आणि नागरिक व्हायचं म्हणजे भारताचा पासपोर्ट सोडायचा, कारण आपल्या देशात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. म्हणजे आईला कायमचं जवळ आणायचं तर लेकानं आधी आईचा देश कागदावरून सोडायचा. हे काही लेक फोनवर सांगत नाहीत. ते फक्त "अजून थोडं थांब आई" एवढंच म्हणतात. आया समजतात, सुनेच्या मनात नाही. मैत्रिणींनो, सुनेला बोल लावण्याआधी रांग कुठं अडलीय ते विचारा.

आणखी दोन गोष्टी. आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा. एकाच्या अर्जावर दुसरं जात नाही. आणि आईबरोबर घरातली बिनलग्नाची धाकटी मुलगीही जात नाही. भावाने बहिणीला बोलवायची रांग स्वतंत्र आहे आणि ती फार लांब आहे. पोरीला इथं कुणाकडं ठेवायचं हे ठरल्याशिवाय त्या फॉर्मवर सही करू नका.

इतर देशांचं थोडक्यात. कॅनडात 'सुपर व्हिसा' नावाचा प्रकार आहे, तो खास आजी-आजोबा, आई-वडिलांसाठी. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो आणि मुलाची कमाई ठरलेल्या आकड्याच्या वर असावी लागते. तिथं कायमचं राहायचं तर चिठ्ठी लागावी लागते. २०२० साली ज्यांनी नावं नोंदवली त्यांच्यातूनच पुढची कित्येक वर्षं चिठ्ठ्या काढत राहिले. इंग्लंडनं २०१२ पासून दार जवळजवळ लावलंय. आई स्वतःचं स्वतः करू शकत नाही आणि पैसे पाठवूनही इथं तिची काळजी घेता येत नाही, असं सिद्ध करावं लागतं. ऑस्ट्रेलियात जास्त पैसे भरून लवकर जायची एक रांग आहे आणि कमी पैशाची दुसरी. या दुसऱ्या रांगेला तीसेक वर्षं लागतील, असं त्यांचं सरकारच सांगतं. साठीच्या बाईला तीस वर्षं! यावर आमच्या गटातली एक म्हणाली, "तोवर मी वरचा व्हिसा काढून मोकळी होईन." आम्ही हसलो खरं.

आता आपल्या हातातलं. आमच्या मते सगळ्यात मोठी अडचण साहेबाची नाही, इंग्रजीची तर नाहीच. मुंबईच्या वकिलातीत मराठीतूनही मुलाखत देता येते. अडचण आपल्या नावाची आहे.

बघा ना. माहेरी नाव सुमन. लग्नात तांदळावर लिहून विमल केलं. वडिलांचं नाव गेलं, नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. शाळेचा दाखला, असलाच तर, सुमनचा. रेशनकार्ड विमलचं. आधार काढताना पोरानं विमलाबाई सांगितलं. बँकेत 'बाई' गळलं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, म्हणून लेकाच्या जन्माची नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत, तिथं आईचं नाव पुन्हा सुमन, आणि मुलाच्या नावाची जागा कोरी, नुसतं 'पुरुष'. आता अमेरिकेला तर हाच कागद हवा असतो! मुलानं आईसाठी अर्ज केला की आई-मुलाचं नातं दाखवायला मुलाचा जन्मदाखला लागतो आणि त्यावर आईचं नाव लागतं. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं तिला आपण त्याची आई आहोत हे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमधून दाखवावं लागतं.

तारखेचंही तसंच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून टाकली. आधार काढताना नुसतं साल सांगितलं म्हणून तिथं १ जानेवारी पडली. एका बाईच्या दोन तारखा, तीन नावं.

यावर उपाय आहेत, पण त्यांना वेळ लागतो, म्हणून ते वाट बघण्याच्या काळातच करायचे. जन्माची नोंदच नसेल तर ग्रामपंचायतीकडून 'नोंद आढळत नाही' असा अनुपलब्धतेचा दाखला मिळतो. तो आणि माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. नोंद आहे पण मुलाचं नाव नाही, तर नाव भरून घ्यायचा अर्ज करता येतो. सुमन आणि विमल एकच, हे राजपत्रात नावबदल छापून दाखवता येतं. पासपोर्टसाठी आता विवाहाचा दाखला लागत नाही आणि जन्मतारखेला पॅनसारखे कागदही चालतात. छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, साठीच्या पुढच्यांना पहिल्या पासपोर्टला दहा टक्के सूट. मात्र पासपोर्टवर जे नाव-तारीख पडेल तेच पुढं सगळीकडं चालणार. घाईत काहीतरी सांगून मोकळ्या होऊ नका.

जाता जाता, महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलंय. आपल्या नातवंडांच्या आयांना तरी एवढी शोधाशोध करावी लागू नये.

विधवा बायांनी सातबाराकडं बघावं. मालक जाऊन सहा वर्षं झाली तरी वारसनोंद केलेली नसते, दीर म्हणतो "घाई काय आहे". मग तिकडं साहेबानं विचारलं तुमचं इथं काय आहे, तर तोंडानं सांगायचं दोन एकर आणि कागदावर काही नाही. तलाठ्याकडं अर्ज करून फेरफार करून घ्या. व्हिसा मिळो न मिळो, ती नोंद तुमच्या कामाची आहे.

आणि शेत विकून टाका म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ग्रीन कार्ड घेतलं तरी तुम्ही भारताच्या नागरिक राहता, वडिलोपार्जित रान तुमचं राहतं. उलट ग्रीन कार्डाला दुसरा काटा आहे. ते घेतल्यावर अमेरिका हे तुमचं घर आणि गाव ही भेटीची जागा धरतात. सहा महिन्यांहून जास्त इथं राहिलात तर परतताना प्रश्न, आधी परवानगी न काढता वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात. पासष्टीनंतरचा तिथला सरकारी आरोग्य विमाही नव्यानं गेलेल्यांना पाच वर्षं राहिल्यावरच घेता येतो. तोवर साखर, बीपी, गुडघे सगळं लेकाच्या खिशावर. पेरणीला इथं आणि थंडीत तिकडं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांना आमच्या मते भेटीचा व्हिसाच बरा.

मुलाखतीचं एवढंच सांगतो. फॉर्म बहुतेक वेळा लेक तिकडून भरतो. त्यात काय लिहिलंय ते फोनवर ओळ न् ओळ मराठीत वाचून घ्या. लेकीचं बाळंतपण आहे तर बाळंतपण आहे म्हणा, चार महिने राहायचं असेल तर चार म्हणा. "खात्रीनं व्हिसा देतो" म्हणणारा एजंट खोटा पगार, खोटी बँकबुकं जोडतो. ते सापडलं तर आपल्याला अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं, एजंटला काही होत नाही. ठशांसाठी साधारणपणे वेगळ्या दिवशी बोलावतात. रेशनच्या मशीनवर ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांनी घाबरू नये, पुन्हा घ्या म्हणावं. पूर्वी ऐंशीच्या घरातल्यांना मुलाखत माफ असायची, सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत गेलीय. म्हाताऱ्या माणसाला मुंबईला नेणारं कुणीतरी आधी ठरवा. वकिलातीत मोबाईल नेता येत नाही, म्हणून बाहेर थांबणाऱ्याचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, असेल तर शाळेचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन यावं. एकमेकींचे कागद शेजारी ठेवून नावं जुळतात का ते पाहू, आणि ज्यांचं माहेर तालुक्याबाहेर आहे त्यांच्यासाठी तिथल्या ग्रामपंचायतीला अर्ज तिथंच लिहून काढू.