वडीलधाऱ्यांची आकडी आणि मेंदूची चित्रे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्या, विवाह आणि व्यवसाय या तीन विषयांवर बोलण्याचा आपल्या मेळाव्यांचा प्रघात आहे. आज आम्ही एका व्याधीविषयी बोलणार आहोत. परंतु ती घरात शिरली की या तिन्ही गोष्टींना धक्का पोचतो, म्हणून हा विषय येथे अप्रस्तुत ठरू नये. साठी उलटलेली आई किंवा वडील एखाद्या दिवशी अकस्मात आकडी येऊन पडतात. मुले त्यांना परभणीस, नांदेडास किंवा छत्रपती संभाजीनगरास घेऊन धावतात. तेथे मेंदूची चित्रे काढली जातात आणि इंग्रजीत छापलेला एक कागद हाती पडतो. त्या कागदाचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, हे सांगणे एवढाच आमचा हेतू. आम्ही वैद्य नव्हे. आमच्या मातोश्रींना ६७ व्या वर्षी प्रथम आकडी आली, तेव्हा आम्ही भावंडांनी डॉक्टरांस विचारून व वाचून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे अवश्य आहे. आपल्याकडे हृदयविकारास झटका म्हणतात, अर्धांगवायूसही झटका म्हणतात आणि आकडीसही झटकाच म्हणतात. वस्तुतः ही तीन भिन्न संकटे होत. मेंदूतील पेशींचे विद्युत्संदेश एकाएकी बेबंद सुटले म्हणजे जी अवस्था होते ती आकडी, ज्यास बोलण्यात फिट, मिरगी किंवा फेफरे म्हणतात. अशी आकडी पुनःपुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. चरकसंहितेत या रोगाचे चार प्रकार वर्णिलेले आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही यास चिकित्सेचा विषय मानले होते. एकदा आकडी आली म्हणजे अपस्मार जडलाच, असे मात्र नाही. रक्तातील साखर फार उतरली, सोडियम क्षार कमी झाला (रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी वृद्धांत तो कमी होतो), अथवा मद्याची दीर्घ सवय एकदम तुटली, तरी आकडी येते. म्हणून चित्रांइतकेच रक्ततपासणीसही महत्त्व आहे.

आता चित्रांकडे वळू. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली राँटजेन यांनी लावला. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. डोक्याभोवती किरणयंत्र फिरवून, गणकयंत्राच्या साहाय्याने मेंदूचे काप पाडल्यासारखे चित्र उभे करण्याची युक्ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सिद्ध केली आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे असे चित्र निघाले. हेच सी. टी. स्कॅन. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत मिळाले. सी. टी. थोड्या मिनिटांत होते आणि ताजा रक्तस्राव त्यात पांढरा स्पष्ट दिसतो. म्हणून तातडीच्या वेळी प्रथम तेच करतात. एम. आर. आय. यंत्रात क्ष-किरण नसतात; प्रबळ चुंबकाच्या योगे शरीरातील पाण्याच्या अणूंकडून संदेश घेऊन चित्र बनते. त्यास वेळ अधिक लागतो, आवाज मोठा होतो, परंतु बारीक व्रण त्यातच उत्तम दिसतात. चुंबकामुळे अंगावरील धातू काढून ठेवावा लागतो. वृद्ध माता मंगळसूत्र व जोडवी काढण्यास कचरतात, हे आम्ही पाहिले आहे. त्यांना आदल्या दिवशीच शांतपणे समजावावे. हृदयात पेसमेकर अथवा शरीरात शस्त्रक्रियेची धातूची पट्टी असल्यास ते यंत्रचालकास आधी सांगावे.

चित्र पाहताना एक गोष्ट ध्यानी धरावी. फिल्मवर डावीकडे दिसते ती रुग्णाची उजवी बाजू असते. आणि मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या अंगाचे नियमन करतो.

अहवालात जे शब्द येतात, त्यांचे ढोबळ पाच वर्ग करता येतील.

पहिला वर्ग, वयोमानाच्या खुणांचा. 'एज रिलेटेड ॲट्रॉफी' हे शब्द वाचून आमच्या घरी एका नातलगांनी 'मेंदू वाळला' असे जाहीर केले आणि घरात रडारड झाली. वय वाढते तसे केस पिकतात, त्याचप्रमाणे मेंदूही किंचित आक्रसतो. त्या वयास अनुरूप असा हा संकोच असेल, तर तेवढ्यावरून बुद्धिभ्रंश झाला असे ठरत नाही. 'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्या दोषाने पडलेले ठिपके. ते पुष्कळ वृद्धांत आढळतात. पण रक्तदाब व साखर ताब्यात ठेवा, अशी ती सूचना समजावी.

दुसरा वर्ग, जुन्या व्रणांचा. 'ओल्ड इन्फार्क्ट', 'ग्लायोसिस', 'एन्सेफॅलोमलेशिया' हे शब्द पूर्वी रक्तपुरवठा तुटून अथवा मार लागून राहिलेल्या वणाचे द्योतक होत. साठीनंतर प्रथमच आलेल्या आकडीच्या कारणांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार हे अग्रगण्य कारण आहे. मातोश्रींच्या चित्रात डाव्या बाजूस असा वण निघाला. आकडीची सुरुवात उजव्या हातापासून झाली होती; म्हणजे वणाची जागा आणि आकडीची रीत जुळत होती. दोन वर्षांपूर्वी कापूसवेचणीच्या दिवसांत उजव्या हातातील शक्ती आठ दिवस गेली होती, हे त्यांनी तेव्हा कोणास सांगितले नव्हते. ते आता सांगितले.

तिसरा वर्ग, गाठीसारख्या ठिपक्यांचा. 'रिंग एन्हान्सिंग लीजन' अथवा 'कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा' हे शब्द भारतातील अहवालांत वारंवार येतात. पूर्वी अशा लहान गाठी बहुधा क्षयाच्या मानल्या जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले की, त्यांतील कितीतरी गाठी पट्टकृमीच्या अळीच्या असतात. येथे एक गैरसमज काढला पाहिजे. डुकराचे अपुरे शिजलेले मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो. परंतु मेंदूतील गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून, दूषित पाणी, न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर किंवा अस्वच्छ हात यांच्या द्वारे. म्हणून आजन्म शाकाहारी घरातही ही व्याधी होते. तीवरून कोणाच्या आचारविचारांवर शिंतोडे उडविणे अज्ञानाचे आहे. यांतील पुष्कळ एकेकट्या लहान गाठी काही महिन्यांत आपोआप विरतात. चुना साठलेली गाठ म्हणजे मेलेली अळी. तिला कृमिनाशक औषध लागत नाही, मात्र तिच्यामुळे आकडी येऊ शकते. क्षयाचे किंवा जंतांचे औषध आपल्या मनाने कोणी सुरू करू नये.

चौथा वर्ग, कवटीखाली साचलेल्या रक्ताचा, म्हणजे 'सबड्यूरल'. न्हाणीघरात अथवा ओट्यावरून पडून किरकोळ मार लागला आणि काही आठवड्यांनी लक्षणे दिसू लागली, असे वृद्धांत घडते. हे रक्त शस्त्रक्रियेने काढता येते. म्हणून पडल्याची घटना कितीही जुनी व क्षुल्लक वाटली, तरी डॉक्टरांस सांगावी.

पाचवा वर्ग, अर्बुदाचा. 'मास', 'मिडलाइन शिफ्ट' किंवा भोवती मोठी सूज असे लिहिले असेल, तर विलंब न करता मेंदूशल्यचिकित्सकास भेटावे. तेथेही सर्व अर्बुदे प्राणघातक नसतात. मेंदूच्या आवरणातून निघणारी कित्येक सौम्य व सावकाश वाढणारी असतात.

कधी अहवालात काहीच निघत नाही. त्यावरून आकडी खोटी ठरत नाही. विजेच्या प्रवाहातील दोष चित्रात उमटेलच असे नाही, त्यासाठी ई. ई. जी. काढतात. उलटपक्षी, चित्रात दिसणारी प्रत्येक खूण आकडीचे कारण असतेच असेही नाही. अहवालाच्या शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचविलेले असते, त्याचा भावार्थ हाच की, चित्राचा ताळा रुग्णाशी घालून पाहा. म्हणून तो कागद घेऊन डॉक्टरांस चार प्रश्न विचारावेत: ही खूण जुनी की नवी? आकडीची सुरुवात जेथून झाली, त्या जागेशी ती जुळते काय? तिच्यावर स्वतंत्र उपचार हवा काय? पुन्हा चित्र केव्हा काढावे? २०१४ साली आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने जी व्याख्या केली, तीनुसार आकडी एकदाच आली असली, तरी पुढील दहा वर्षांत ती पुन्हा येण्याचा संभव ६० टक्के किंवा अधिक असल्यास अपस्मार मानतात. एका आकडीनंतर एकास गोळ्या देतात आणि दुसऱ्यास देत नाहीत, त्याचे मर्म येथे आहे.

डॉक्टरांस ज्याचा मोठा उपयोग होतो, ते मात्र आपल्याजवळ असते. कोणता हात प्रथम हलला, डोळे कोणीकडे वळले, किती वेळ गेला, शुद्ध केव्हा आली, हे लक्षात ठेवावे. हाती मोबाइल असेल तर चित्रण करावे. रुग्णास एका कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, दातखीळ उघडू नये, पाणी पाजू नये. कांदा किंवा पायतण हुंगविण्याने काही साधत नाही. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, अथवा एकामागून दुसरी आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्या सुरू झाल्यावर बरे वाटते म्हणून एकदम बंद करू नयेत. विहिरीवर, चुलीपुढे व ट्रॅक्टरवर रुग्णास एकटे सोडू नये.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो, ती सांगतो. मातोश्रींना आकडी आली, त्या वेळी आमच्या पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. 'दवाखान्याचे नाव काढू नका, कागद पेटीत ठेवा,' असा सल्ला आम्हांस मिळाला. आम्ही कागद दाखविला. एका स्थळाने नकार कळविला. दुसऱ्या स्थळाने तो कागद आपल्या डॉक्टरांस दाखविला. रक्तवाहिनी बंद होऊन पडलेला वण नातीच्या रक्तात उतरत नाही, हे समजून घेतले आणि सुपारी फोडली. अपस्माराच्या काही प्रकारांत आनुवंशिकतेचा अंश असतो हे खरे. पण वार्धक्यात व्रणामुळे किंवा कृमीच्या गाठीमुळे येणारी आकडी ही तशा प्रकारची नव्हे. कायद्यानेही आपले मत सुधारले आहे. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा विवाहास बाधक मानला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. कायद्याने जे सोडले, ते ज्ञातीने धरून ठेवावे काय?

लपविलेल्या रोगाच्या गोळ्याही लपवून घ्याव्या लागतात, आणि लपवून घेतलेल्या गोळ्या चुकतात. त्या चुकल्या की आकडी पुन्हा येते. म्हणजे लपविण्याची किंमत शेवटी त्या वृद्ध मातेस किंवा पित्यास मोजावी लागते. आमची मंडळास नम्र विनंती आहे की, वधूवर मेळाव्यात हा विषय दडपून न ठेवता एखाद्या जाणत्या डॉक्टरांकडून तो दरवर्षी समजावून देण्याची व्यवस्था करावी. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड अशा ठिकठिकाणांहून आलेल्या आपणां सर्वांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत. त्यांना दीर्घायुष्य लाभो.